बंदरातला पहिला माल

ती. दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम. आईची प्रकृती उत्तम, भूक चांगली, झोप चांगली, आवाज तर पूर्वीपेक्षाही खणखणीत (शेजारी साक्ष देतील). तुझा खोकला गेला का, वहिनींची कंबर कशी आहे आणि पोरं अजून आपल्या भाषेत भांडतात की तिकडच्या, ते सविस्तर कळव.

तर तुझ्या कंपनीचे साहेबलोक आपलं बंदर पाहून गेले. इथे कारखाना काढायचा ठरला तर सगळ्यांत आधी तुलाच इकडे पाठवतील, हे तू आईला फोनवर सांगून मोकळा झालास, पण ते निस्तरलं मी. त्या दिवसापासून कामावरून आलो की चपला काढायच्या आत तिचा प्रश्न यायचा, खोली किती झाली? (बंदराची खोली. मोठी जहाजं यायला लागली की कारखाना येणार आणि कारखाना आला की तू येणार, एवढं अर्थशास्त्र तिने पक्कं केलंय.) मी म्हणायचो, होतेय होतेय. गाळ काढायचं यंत्रच गाळात रुतून बसलंय, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?

तुमच्या ऑफिसात आमचं जे गुळगुळीत माहितीपत्रक आलं असेल, त्यातलं एकही वाक्य खोटं नाही, हे मी शपथेवर सांगतो. चौपदरी रस्ता आहे. तो विमानतळावरून निघतो आणि जिथे फोटो काढला तिथे संपतो. अखंड वीज आहे, फक्त तिचा जनरेटर भाड्याचा आहे आणि तो पाहुणे गेले की परत जातो. परवान्यांसाठी एक खिडकी आहे. पाहुणे येणार म्हणून तिला ताजा रंग दिला, तेव्हा ती चौकटीला अशी चिकटली की अजून उघडलेली नाही. आणि जहाजही आहे, एकच, म्हातारं. ते भरतीला तरंगतं. पाहुण्यांचं जेवण लांबलं, तोवर ओहोटी लागली आणि आमच्या मोठ्या साहेबांनी अभिमानाने हात केला तेव्हा जहाज चिखलात कलतं होऊन बसलं होतं. मोठे साहेब म्हणाले, विश्रांती घेतंय.

माझं काम सोपं होतं. क्रेनच्या केबिनमध्ये बसायचं आणि पाहुणे असेपर्यंत रिकामे कंटेनर इकडून उचलून तिकडे ठेवायचे, तिकडचे परत इकडे. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, केवढा हा व्यापार! दादा, इतकी वर्षं क्रेन चालवतोय, रिकामा कंटेनर वाऱ्यावर कसा डोलतो ते मला हाताला कळतं. पण त्या दिवशी एक उचलला तो डोलेना. जरा जडही लागला. खरं सांगतो, माझा ऊर भरून आला. मला वाटलं, आला की रे आपल्या बंदरात माल! शेवटी आला! मी तो जितका उंच नेता येईल तितका नेला, सगळ्यांना दिसावा म्हणून.

आता आत काय होतं ते ऐक. फाटकाजवळचा परिसर मोकळा दिसला पाहिजे असा हुकूम होता, म्हणून पहारेकऱ्याने फळवालीची गाडी आणि चावीवाल्याचं टेबल एका कंटेनरमध्ये ढकललं. आपलं सामान सोडून जायला ती दोघं तयार होईनात, तेव्हा त्यांनाही आत बसवलं. आणि त्याच वेळी आपल्या मातोश्री फाटकावर हजर. तुझ्यासाठी स्वेटर विणला होता, तो साहेबांच्या हाती पाठवायचा होता. पहारेकरी तिला ओळखतो. म्हणाला, आजी, उन्हात कशाला उभ्या राहता, आत सावलीत बसा. आणि बाहेरून कडी घातली.

मी कंटेनर खाली ठेवला तो नेमका पाहुण्यांसमोर. तुमच्या त्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं, यात काय आहे? मोठे साहेब म्हणाले, निर्यातीचा माल. बाईंनी स्वतः पुढे होऊन कडी काढली. आधी फळवाली बाहेर आली, देवाचं नाव घेत. मग चावीवाला. त्याने एवढे सुटाबुटातले लोक पाहिले आणि कुणाला चावी करून हवीय का विचारलं. आणि मग आई.

वरून मला सगळं दिसत होतं, ऐकू काहीच येत नव्हतं; कोण काय बोललं ते मागाहून कळलं. कसा खाली उतरलो मला आठवत नाही. आईला मी दोरावर टांगलं होतं, दादा. जवळ पोचलो तर आई मजेत. तुझ्या विभागातले ते तरुण साहेब आहेत ना, लांब नाकाचे, त्यांचे दोन्ही गाल धरून ती म्हणत होती, "आलास? किती वाळलास रे! खायला घालत नाहीत का तिकडे?" आणि मग तिने त्यांना कोटावरून तुझा स्वेटर चढवला. त्याच्या बाह्या त्यांना जेमतेम कोपरापर्यंत आल्या. सगळे पोट धरून हसले. साहेब मात्र भला माणूस, शेवटपर्यंत त्यांनी तो काढला नाही. कोष्टकं दाखवताना, भाषणं ऐकताना, तसेच बसले होते, आणि गेलेही तसेच.

(चष्म्याचा नंबर वाढलाय तिच्या, दुसरं काही नाही.)

निघताना बाई म्हणाल्या, विचार करून कळवू. भाषा परकी होती, पण याचा अर्थ सगळीकडे एकच असतो. जनरेटर परत गेला. फळवालीला फाटकाजवळची जागा परत मिळाली नाही, आता तिथे हिरवळ लावणार आहेत म्हणे. मला लेखी विचारणा झालीय, की आपल्या आईला उचलण्यास परवानगी कोणी दिली.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता.क. पत्रातल्या पहिल्या चार ओळी आई शेजारी बसून माझ्याकडून वाचून घेत होती, म्हणून तसं लिहिलं. आता तिचा डोळा लागलाय.

ता.क. चष्मा मी तपासून आणला. नंबर तोच आहे. परवा जेवताना तिने मला विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, क्रेनवाला. तर म्हणाली, मग तुम्हाला माहीत असेल, माझ्या मुलाचं जहाज कधी लागणार? कंपनीने पाठवायची वाट बघू नकोस. बंदराला कधी ना कधी खोली येईल, आईकडे तेवढा अवधी नाही. विमानाने ये.

ता.क. निघण्याआधी त्या साहेबांकडून स्वेटर मागून घे आणि घालूनच ये. तो अंगात असेल तो आपला मुलगा, एवढं तिला अजून पक्कं आठवतं.