उस्तादांचा लोड, मामीचा लोड

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

पत्राला अडीच महिने उशीर झाला. पहिला महिना पेन सापडत नव्हतं, दुसऱ्या महिन्यात ते सापडलं तर पाकीट सापडेना, आणि उरलेले पंधरा दिवस सरळ लाज वाटत होती. तुमचा गुडघा कसा आहे? (मामीची चौकशी मुद्दाम करत नाही. कारण खाली येईल.)

निघताना तुम्ही म्हणालात, "छापखाना सोडलास, बोट सोडलीस, मधमाश्या तर तुलाच सोडून गेल्या. आता एक तरी गोष्ट तडीस ने, नाहीतर गपगुमान माझ्या दुकानात खिळे विकायला बस." मामा, मी खिळे विकणार नाही. रविवारी आठशे मीटरवरच्या नेमबाजीची पात्रता फेरी आहे, वीस बारांची. त्यात पास झालो तर क्लब मला वर्षभर शिकायला ठेवून घेणार. मी पास होणार म्हणजे होणारच.

इथले उस्ताद निवृत्त फौजी, उजव्या कानाने ठार बहिरे. (त्यामुळे सगळे डावीकडे बसतात आणि बाक कलंडतं. ते असो.) पहिल्याच दिवशी म्हणाले, "स्वतःचा लोड आण. दुसऱ्याचा तुझ्या बंदुकीला मानवणार नाही." आता आपल्या घरात लोड म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा! त्याच दुपारी बसने घरी येऊन गेलो. तुम्ही त्याला टेकूनच घोरत होतात. हळूच तुमच्या पाठीशी उशी सारली आणि मामीचा तो वेलबुट्टीचा लोड काढला. दुसऱ्या दिवशी तो काखेत मारून मैदानावर हजर! तेव्हा कळलं की गोळी किती जड आणि काडतुसात दारू किती, या मेळाला हे लोक लोड म्हणतात. दोन दिवस सगळे मला "तक्के" म्हणून हाक मारत होते.

पण आणलाच होता, म्हणून बंदूक त्यावर टेकवली आणि काडतुसं निवडायला बसलो. पेटीवर सर्वांत जास्त वेग लिहिलेली हलकी गोळी घेतली. तीनशे मीटरवर पाचही भोकं एका वाटीखाली झाकली जातील अशी. मी फुगलो. आठशेवर मात्र वाऱ्याने गोळी अशी नेली की शेजारी नेम धरलेल्या दंतवैद्याच्या निशाणावर मधोमध भोक. तो आभार मानून गेला. मग जड गोळी, भरपूर दारू. खांदा काळानिळा आणि भोकं शिडीसारखी वरखाली. उस्ताद म्हणाले, "पेटी वाचू नकोस रे, कागद वाच." शेवटी तीच जड गोळी, दारू जरा कमी. निघते सावकाश, पण दर वेळी एकाच चालीने, आणि वाऱ्याला फारशी दाद देत नाही. तोच लोड ठरवला. माझ्यासारख्या उतावळ्याने सावकाश काहीतरी निवडलं, यावर तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून निशाणाचा कागद सोबत जोडतोय.

आता एकच अडचण. पुढे आधार आहे, पण मागे दस्त्याखाली काही नाही, त्यामुळे विसातले चार बार अजून भरकटतात.

तुमचा,
तडीस नेणारा भाचा

ता. क. नळीचं तोंड लोडाच्या फार जवळ आलं होतं. पहिल्याच बाराला अभ्रा फाटून कापूस उडाला. (तो ज्या दिशेने गेला त्यावरून वारा मात्र छान कळला.)

ता. क. २. खरं काम हे : तसलाच वेलबुट्टीचा अभ्रा मामीच्या नकळत पाठवा.

ता. क. ३. अभ्रा नको. आत्ताच दारात मामी उभी राहिली, काखेत दुसरा लोड! म्हणाली, "जोडी असते रे, मेल्या. नेताना दोन्ही न्यावेत." तो दस्त्याखाली चपखल बसला. रविवारी बघूनच जाणार म्हणते. तुम्हाला ती बहिणीकडे गेल्याचं सांगून आलीय, तेव्हा मामा, एवढा शेवटचा ता. क. तुम्ही वाचू नका.