भागीरथाबाईंची गाडी यवतमाळला पोचते

दिग्रस,
नोव्हेंबर २००६

आदरणीय नासिरभाई,

अस्सलामु अलैकुम. तुमची, भाभीजानची आणि तुमच्या गुडघ्याची तब्येत ठीक असावी अशी उमेद करतो (गुडघ्याचं वेगळं विचारतो, कारण मागच्या खेपेला तुमच्यापेक्षा तोच जास्त बोलत होता). इकडे तुमची बहीण नसरीन खैरियतीने आहे, म्हणजे आठवडाभर माझ्याशी बोलत नाही. त्याचं कारण तिच्या शिलाई मशीनची मोटर, आणि मोटरचं कारण विठ्ठलरावांची गाडी. फोनवर हे सांगता आलं नसतं. आमचा फोन दारापाशी आहे आणि दारापाशीच नसरीन बसते. म्हणून लिहितो. चहा घेऊन बसा, कारण हे लवकर आटपायचं नाही.

विठ्ठलराव म्हणजे दारव्हा रोडवरच्या, कापसातून सरकी काढायच्या जिनिंगचे मालक. जिनिंग आता बंद आहे. यंदा बाजारात कापूस असा पडलाय की कुत्री त्याच्यावर गादी समजून निजतात आणि त्यांना कोणी उठवत नाही. माझ्या घड्याळ-मीटरच्या दुकानाचंही तेच. वेळ बघावी असं गावात कोणाला वाटतच नाही. विठ्ठलरावांचा मुलगा अक्षय आमच्या फैजच्या वर्गातला. तुमच्याकडे नागपूरला गॅरेजात काम शिकायला जाईपर्यंत फैजचं अर्धं जेवण त्यांच्याच घरी व्हायचं. मागच्या पावसाळ्यात बोंडअळीसाठी फवारणी करताना अक्षयच्या अंगात औषध गेलं. यवतमाळच्या दवाखान्यात नेला तो गेलाच. मातीला मी होतो. त्याच्या आईने, भागीरथाबाईंनी, पोराचं तोंड स्वतः बघितलं होतं. तरी महिन्याभराने त्या विचारायला लागल्या की अक्षयला सुट्टी कधी मिळणार, आणि कोणी उत्तर देईना तेव्हा त्याला आणायला पायी निघाल्या. एकदा एसटीच्या कंडक्टरने रस्त्यातून परत आणलं. एकदा उन्हात पडलेल्या सापडल्या. पुढच्या खेपेला सापडतील की नाही, ही विठ्ठलरावांची धास्ती आहे, आणि भाईजान, ती खोटी नाही.

मग त्यांनी तोड काढली. जिनिंगच्या शेडमध्ये त्यांची जुनी अँबेसेडर उभी आहे. तिचं इंजिन केव्हाच विकलं गेलंय (बाकीची कोणी घेतली नाही म्हणून राहिली). रोज संध्याकाळी ते भागीरथाबाईंना बाजूला बसवायचे, स्टिअरिंग धरायचे आणि म्हणायचे, चाल, पोराले आनू. अंधार पडला की बाई बसल्या जागी झोपायच्या, त्यांना उचलून घरात न्यायचं, आणि सकाळी त्या दोन घास खायच्या. असे काही दिवस निभले. पण ही बाई नवऱ्याशेजारी बसून जन्मभर काट्यावर नजर ठेवणारी. चाळिसाच्या वर गाडी गेली की चिमटा काढायची. एके दिवशी म्हणाल्या, काटा काहून हालत नाही, गाडी उभी हाय, आणि दार उघडून चालायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी विठ्ठलराव डॅशबोर्डची सगळी मीटरं दुपट्ट्यात बांधून माझ्या दुकानात आले. म्हणाले, "जमीर, गाडी नाही चालली तरी चालंन. काटा चालला पाह्यजे."

अशी फर्माईश माझ्या अब्बांनाही कधी आली नसेल. स्पीडच्या मीटरमध्ये उंदरांनी बाळंतपण केलं होतं. काट्याची केसासारखी स्प्रिंग गंजून गेली होती, ती एका गजराच्या घड्याळातून काढून बसवली. पाण्याच्या गरमीचं मीटर कायमचं मेलेलं. त्याची बारीक नळी तार समजून कोणीतरी कापली होती आणि वर चिकटपट्टी लावून ठेवली होती. पेट्रोलचा काटा तेवढा शाबूत, पण तो खरं बोलायचा. टाकी रिकामी, तर रिकामीच दाखवायचा. भागीरथाबाई पेट्रोल नसलेल्या गाडीत बसणार नाहीत, म्हणून त्याला वायर जोडून कायमचा फुल्ल करून टाकला. आज सगळ्या तालुक्यात एवढं पेट्रोल कोणाकडे नसेल.

काटा हलायला गाडीची चाकं फिरावी लागतात. ती फिरणार नव्हती. म्हणून मी नसरीनच्या मशीनची मोटर काढली, पुली लावून मीटरच्या केबलला जोडली आणि तिचं पायाने दाबायचं पॅडल ॲक्सिलरेटरच्या जागी ठेवलं. विठ्ठलराव दाबतील तसा काटा चढतो. आवाज शिंप्याच्या दुकानासारखा येतो, पण बाईंना कमी ऐकू येतं. मध्येच लाइट गेली (आणि ती रोज जाते) की विठ्ठलराव म्हणतात, दारव्ह्याचं फाटक पडलं, आगगाडी जाऊ दे. पहिल्याच दिवशी बाईंनी चाळिसाला चिमटा काढला. विठ्ठलरावांनी दंड चोळत माझ्याकडे बघितलं, हसले, आणि मग हसता हसता त्यांचं तोंड वाकडं झालं.

इथे मी थांबायला हवं होतं. पण तुम्हाला माझ्या टेबलाची रीत ठाऊक आहे. अब्बांच्या वेळेपासून आमच्याकडून मीटर अर्धं दुरुस्त होऊन जात नाही. किलोमीटरचे आकडे जाम होते. ते हलवायला मला कोणीही सांगितलं नव्हतं. मी हलवले. त्यातलं एक चाक झिजलं होतं, म्हणून एका मोपेडच्या मीटरचं काढून घातलं. बसलंही बरोबर. फक्त आकडे पळायला लागले.

यवतमाळ किती लांब ते भागीरथाबाईंना पाठ आहे. आकडे बघून त्या म्हणाल्या, दारव्हा गेलं. मग म्हणाल्या, बोरी अरब गेलं. अजून उजेड होता, त्या टक्क जाग्या होत्या. मी बाहेर पुलीचा पट्टा धरून उभा. मला कळेना की विठ्ठलराव पॅडलवरून पाय का काढत नाहीत. नंतर कळलं, काढला असता तर बाई चालत निघाल्या असत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "आलं यवतमाळ. जा, आना त्याले."

विठ्ठलराव उतरले. रुई दाबायच्या प्रेसमागे जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने आले आणि म्हणाले, डॉक्टर म्हनते उद्या. त्या दिवसापासून बाई जेवत नाहीत. पोरगं तिथं एकटं उपाशी असंन, म्हणतात. आधी त्या रोज निघायच्या आणि कधी पोचायच्या नाहीत. आता माझ्या कारागिरीमुळे रोज पोचतात. माझ्या हातांना काय म्हणू, तुम्हीच सांगा. चाक काढून बघितलं, तर मीटर बिघडलं म्हणून त्या उतरल्या आणि थेट रस्त्याला लागल्या.

तर नागपूरच्या कबाड्यांकडे जुन्या अँबेसेडरचं मीटर शोधून पाठवा, कसल्याही हालतीत. त्यातलं चाक बसवलं की आकडे आपल्या चालीने चालतील आणि बोरी अरब यायच्या आत बाईंना झोप लागेल. भाभीजानला आदाब.

तुमचा,
जमीर

ता. क. : मीटर नाही मिळालं तरी हरकत नाही. ते निमित्त होतं. काल विठ्ठलराव दुकानात येऊन बसले, चहाला हात लावला नाही. म्हणाले, "एक डाव फैजले मांगच्या सीटवर बसू दे. बोलाचं काही नाही. ती मांगं वयून पाहीन, बस." मी विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी काय? म्हणाले, "त्याच्या पुढचं मले नाही ठाऊक. पन ती जेवंन." भाईजान, मला भीती वाटते. आपलं जितंजागतं पोरगं गेलेल्याच्या जागी कसं बसवायचं? तरी मला नाही म्हणता आलं नाही. फैजला सगळं खरं सांगा, जबरदस्ती करू नका, आणि तो तयार असेल तर शुक्रवारच्या एसटीने पाठवा. नसरीनला यातलं काही कळू देऊ नका.

ता. क. दुसरा : नसरीनला मीच सांगून टाकलं, पोटात राहीना. ती म्हणाली, पाठवायला सांगा. भागीरथा झोपेपर्यंत मी मागच्या दारापाशी उभी राहीन आणि माझ्या लेकराला माझ्या हाताने उतरवून घेईन. मी विचारलं, आणि बाईंनी अक्षय म्हणून हाक मारली तर फैजने ओ द्यायची का? यावर ती रडली. मग म्हणाली, आई हाक मारतेय, ओ द्यायची. तेवढं फैजला सांगा.