तेवीस बाण

लिहून ठेवते की,

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, अविवाहित, आधी टंकलेखन आणि नंतर संगणक शिकवून स्वतःचं पोट भरलेली, गल्लीत ‘क्लासबाई’ म्हणून ओळखली जाणारी बाई, हा कागद माझ्या हाताने, पेनने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना त्यांनी मला आजचा वार विचारला, आणि मी त्यांना त्यांच्याच संगणकात त्यांनी हरवलेले तीन रिपोर्ट शोधून दिले, तेव्हा माझ्या बुद्धीबद्दल कोणी शंका काढू नये. मला कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून भरीस घातलेलं नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. आयुष्यभर टाइप करून हे तेवढं हाताने का, असं कोणी विचारील. संगणकात ठेवलेलं कसं जातं ते मला या गल्लीत सगळ्यांपेक्षा जास्त माहीत आहे, म्हणून.

कलम १. पहिल्या मजल्यावरच्या माझ्या मालकीच्या दोन खोल्या, पुढची क्लासची आणि मागची राहती, आणि बँकेत जे काही असेल ते, माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला द्यावं. घरात आम्ही तिला बिट्टी म्हणतो. ती आज सतरा वर्षांची आहे. अठरा पूर्ण होईपर्यंत तिच्या आईने, म्हणजे माझ्या भावजयीने, सगळं सांभाळावं. मागच्या खोलीची खिडकी जोर लावून ओढू नये, थोडी उचलून मग ओढावी. हे मी भावजयीला तोंडी सांगितलं असतं, पण अकरा वर्षांत ती माझ्या घरात बसलेली नाही. बिट्टीला जिन्यापाशी सोडते आणि खालूनच वळते.

कलम २. क्लासमध्ये आठ यंत्रं आहेत. खिडकीजवळचं सोडून (त्याचं पुढे येईल) सगळी विकावीत, फक्त एक खालच्या शिंप्याला द्यावं. तो माझा सगळ्यात वाईट विद्यार्थी. त्याच्या स्क्रीनवर दोनशे चौदा फायली उघड्यावर पसरलेल्या होत्या. मागे हौसेने बायकोचा फोटो लावला होता, त्यातला एक कान तेवढा दिसायचा. मी म्हटलं, “अहो, फोल्डर करा. कापडाचे तुकडे असे जमिनीवर टाकता का?” तर म्हणतो, “टाकतो की बाई. म्हणून तर सापडतात.” यंत्र द्यायच्या आधी त्याच्याकडून एक फोल्डर करून घ्यावा, त्याला नाव द्यायला लावावं. ‘नवीन फोल्डर’ हे नाव चालणार नाही.

कलम ३. समोरच्या कॉम्प्युटर सेंटरवाल्याला माझ्या घरातली सुतळीसुद्धा देऊ नये. त्याने माझ्या वहीच्या झेरॉक्स काढून स्वतःच्या नावाने विकल्या. त्या वहीत पान चाळीसवर माझ्या हातून ‘कॉपी’ आणि ‘कट’ यांची अदलाबदल झाली होती. त्याने तीही तशीच छापली. त्याची पोरं वर्षभर फायली हरवत माझ्याकडे येत होती आणि मी त्यांना चहा पाजून शोधून देत होते. या एका गोष्टीचं मला अजून समाधान वाटतं, ते मी लपवत नाही.

कलम ४. मूळ वही बिट्टीला द्यावी. तीत सव्वीस वर्षांची शिकवणी आहे, पण सार दोन नियमांत आहे आणि ते इथे लिहिणं भाग आहे, नाहीतर पुढचं कलम समजणार नाही.

नियम पहिला: मूळ फाइल एकाच जागी, तारखेच्या फोल्डरात ठेवायची. रोज हाताशी लागते म्हणून तिच्या प्रती काढत बसायचं नाही. हव्या त्या जागी तिचा शॉर्टकट ठेवायचा. शॉर्टकट म्हणजे फाइल नव्हे. ती फाइल कुठे आहे ते दाखवणारी पाटी. तिच्या कोपऱ्यात लहानसा बाण असतो, म्हणून आमच्या क्लासात तिला ‘बाण’च म्हणतात.

नियम दुसरा: एका जागेहून दुसऱ्या जागी काहीही नेलं की नुसती संख्या मोजायची नाही. वजन, म्हणजे फाइल किती जागा घेते ते, बघायचं. दहा फायली गेल्या याला अर्थ नाही, दहा फायलींचं वजन गेलं का ते बघायचं.

हे दोन्ही नियम मी हजारभर लोकांना शिकवले. त्यात माझा भाऊ होता. तो सगळ्यांत नीटनेटका निघाला.

कलम ५. हे कलम म्हणजे मालमत्ता नव्हे. तरी इथेच लिहिते, कारण दुसरीकडे कुठे लिहायची मला हिंमत झाली नाही.

माझा भाऊ अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका संस्थेत वाचक होता. काचेच्या लहान खोलीत बसायचा, समोर माईक, बाजूला संगणक. बिट्टी झाली तेव्हा तो जेवणाच्या सुट्टीत तिच्यासाठी बोलून ठेवायला लागला. मला फोनवर म्हणाला, “ताई, तिला कळायला लागेल तेव्हा एकदम सगळं देईन. तोवर तू कान लावायचा नाहीस.” असे तेवीस तुकडे झाले. बिट्टी पाच महिन्यांची असताना रस्ता ओलांडताना त्याला गाडीने उडवलं. तो जागीच गेला.

चार दिवसांनी संस्थेच्या व्यवस्थापकाचा फोन आला. भावाच्या जागी नवा माणूस येणार होता, संगणक साफ करायला मेकॅनिक आलाच होता. काही घ्यायचं असेल तर अर्ध्या तासात घ्या. सोमवारपर्यंत थांबा म्हटलं तर म्हणाला, “मेकॅनिक पुन्हा मिळत नाही हो.” त्या माणसाला मी माफ केलेलं नाही, पण चूक त्याची नव्हती.

भावजय म्हणाली, “वन्सं, तुम्हीच जा. त्यातलं तुम्हालाच कळतं.” मी गेले. त्याच्या खुर्चीत बसले. खुर्ची त्याच्या उंचीला लावलेली होती, माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. स्क्रीनवर समोरच ‘बिट्टी’ नावाचा फोल्डर. उघडला, आत तेवीस. नावं वाचून माझे डोळे भरून आले, पुढचं काही धड दिसेना. फोल्डर उचलला आणि पेन ड्राइव्हमध्ये टाकला. क्षणात गेला. इतक्या लवकर कसा गेला हे माझ्या मनात यायला हवं होतं. पेन ड्राइव्ह उघडून मोजले. तेवीस. मेकॅनिकने विचारलं, “झालं का बाई?” मी म्हटलं, “झालं. करा साफ.”

भावाने मूळ फायली मी शिकवल्याप्रमाणे तारखेच्या फोल्डरांत ठेवल्या होत्या आणि स्क्रीनवर त्यांचे बाण. मी तेवीस बाण घरी आणले.

हे मला घरी आल्यावर कळलं. धावत परत गेले. मेकॅनिक गेला होता आणि नवा माणूस काचेआड बसून काहीतरी वाचत होता. नंतर मी तीन तज्ज्ञ धुंडाळले. त्यांतला एक कधीकाळी माझाच विद्यार्थी होता. त्याने मान खाली घालून सांगितलं की आता काही उरलेलं नाही. भावजयीने विचारलं, “मिळालं का?” मी म्हटलं, “मिळालं. माझ्याकडे सुखरूप आहे. तुला ऐकवेल तेव्हा सांग.” हे वाक्य मी कसं बोलले ते मला अजून कळत नाही. तिने सहा वर्षं विषय काढला नाही.

खिडकीजवळच्या यंत्रात ते बाण आहेत. यंत्र जुनं आहे, त्यातली जुनी व्यवस्था मी मुद्दाम बदलली नाही. त्यात बाणावर दोनदा क्लिक केलं की एक चौकट येते आणि तीत एक टॉर्च इकडून तिकडे फिरते. संगणक मूळ फाइल शोधत असतो. मला माहीत आहे की ती नाही. तरी सतरा वर्षं, क्लास सुटला की दुपारी, खोलीत सात स्क्रीन बंद आणि एक चालू, मी एक तरी बाण दाबते. टॉर्च फिरते तेवढा वेळ मला वाटतं की आज सापडेल. मग चौकट बंद होते. ही भुताटकी मीच रोज चालू करते आणि मीच बंद करते.

नावं तेवढी खरी आहेत, त्याच्या हातची. काही लिहिते: ‘नमस्कार बिट्टीबाई’. ‘दात येताना वाचावे’. ‘आईचा राग कसा ओळखावा’. ‘आत्याची नक्कल, तिला ऐकवू नये’. ‘आज आवाज बसलाय’. तेविसाव्याचं नाव आहे, ‘शिंक आली, उद्या पुन्हा’.

कलम ६. बिट्टी सहा वर्षांची झाली तेव्हा माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “आत्या, बाबा कसा बोलायचा ते तुझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे ना? लाव.” आई मागे दारात उभी होती. मी म्हटलं, “पुढच्या रविवारी लावते.”

आमच्या मावसभावाचा आवाज माझ्या भावासारखा होता. फोनवर आमची आईसुद्धा फसायची. त्याला बोलावलं आणि त्याच्यासमोर रडले. तो आधी म्हणाला, “ताई, हे पाप आहे.” मग माईकसमोर बसला. ‘नमस्कार बिट्टीबाई’ हे नाव धरून मी तीन मिनिटांचा मजकूर लिहिला, त्याने तो वाचला. मावसभाऊ गेल्या वर्षी वारला. त्याने हे कोणाला सांगितलं नाही, आणि त्यानंतर माझ्याशी फारसं बोललाही नाही. त्याच्या मुलांना माझा टाइपरायटर द्यावा, कारण त्याला तो आवडायचा.

रविवारी ती फाइल लावली. बिट्टी खुर्चीवर गुडघे घेऊन ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “परत.” भावजय उठून बाहेर गेली. मला वाटलं, तिला सहन झालं नाही. त्या दिवसापासून ती आत येत नाही.

आता जे झालं ते सांगते. त्यानंतर मी बाण दाबला की टॉर्च फिरून झाल्यावर संगणक लिहू लागला: मूळ फाइल सापडत नाही, पण तारीख, आकार, प्रकार पाहता सर्वांत जवळची फाइल ही आहे, हीच का? आणि खाली त्या खोट्या फाइलीचं नाव. मी दर वेळी ‘नाही’ दाबते. फाइल कितीदा तरी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि कितीदा तरी परत काढली. आता तर ती टाकूनही उपयोग नाही, कारण बिट्टीने ती फोनमध्ये घेतली आहे. ती यंदापासून त्याच संस्थेत वाचक म्हणून जाणार आहे. सराव करताना तो आवाज जिथे थांबतो तिथे ती थांबते. मला म्हणाली, “बाबासारखं वाचते का ग मी?” मी हो म्हटलं.

याहून वाईट एक आहे. माझ्या भावाचा खरा आवाज मला आता आठवत नाही. डोळे मिटले की मावसभाऊच बोलतो. एकाच नावाची दुसरी फाइल त्याच जागी ठेवली की पहिली जाते, हे मी शिकवत आले. माझ्या डोक्यातही तसंच झालं. मला याची फार भीती वाटते.

खिडकीजवळचं यंत्र, पेन ड्राइव्ह आणि तेवीस बाण बिट्टीचे आहेत. तिने वाटल्यास मला शिव्या द्याव्यात, पण ते बाण पुसू नयेत.

कलम ७. माझ्या मृत्यूनंतर एक महिन्याने वकिलांनी हा कागद बिट्टीला आणि तिच्या आईला वाचून दाखवावा. तोवर त्यांना यातलं काही कळू देऊ नये. मी जिवंत असताना हे सांगू शकत नाही. प्रयत्न केला आहे.

कलम ८. साक्षीदारांनी मी सही करताना बघायचं आहे, मजकूर वाचायची गरज नाही. तसं वकिलांनी सांगितलं आणि तसं मी दोघांनाही सांगितलं आहे. दोघांपैकी कोणालाही यातून काही मिळत नाही.

ठिकाण : माझी पुढची खोली
दिनांक : ११ मार्च २०२४
मृत्युपत्र करणारीची सही : (सही)

साक्षीदार १ : कोपऱ्यावरचा किल्लीवाला. बाईंनी माझ्यासमोर सही केली. मी काही वाचलं नाही. (सही)

साक्षीदार २ : मृत्युपत्र करणारीची भावजय.
वन्सं, सही हवी म्हणालात म्हणून आज अकरा वर्षांनी वर आले. वाचायची गरज नाही असं तुम्ही दोनदा म्हणालात, म्हणून तुम्ही किल्लीवाल्याला जिन्यापर्यंत सोडायला गेलात आणि तिथेच बोलत राहिलात तेवढ्यात मी वाचलं. तो आवाज यांचा नाही हे मला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. हे बिट्टीशी बोलायला लागले की यांना हसू यायचं, एक वाक्य धड पुरं होत नसे. मला वाटलं, खरे तुकडे तुम्ही स्वतःपुरते ठेवले आणि लेकराच्या तोंडावर हे मारलं. अकरा वर्षं त्या रागाने मी जिन्याखाली उभी राहिले. तुमच्याकडेही काही नाही, हे मला आज कळतंय. यांचा आवाज मला आठवतो. रोज आठवतो. कसा होता ते मी तुम्हाला सांगेन, जमलं तर करूनही दाखवेन. रविवारी अकरा वाजता बिट्टीला घेऊन वर येते. तिला तुम्ही सांगायचं, तुमच्या तोंडाने. मी शेजारी बसेन.

कलम सात सोडून बाकी सगळ्याला मी साक्षी आहे. (सही)