तास वाढवले, तेव्हा

बाबा, आज दुपारी मी एका माणसाला त्याची आई गेल्याचं सांगितलं, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. मी बहारीनला आहे, बुसैतीनमध्ये, विमानतळाच्या इतका जवळ की लढाऊ विमान उडालं की टेबलावरचे ग्लास हलतात. आखातात युद्ध पेटलंय. प्रवासी विमानं बंद आहेत. इथून कुणालाच घरी जाता येत नाही.

तुमचं युद्ध, इंग्रजांच्या फौजेतलं, मला आपल्या स्वयंपाकघरात कळलं. तुम्ही लसूण सोलत बसला होतात. बंगालमधल्या एका विमानतळावर तुम्ही बॉम्बफेकी विमानांच्या बंदुकांत काडतुसांच्या माळा भरायचात. विमानातल्या माणसांचे हल्ल्यावरचे तास ठरलेले असत; तेवढे भरले की सुटका. शेपटीकडच्या बंदुकीवर बसणारा एक गोरा तुम्हाला रोज उरलेले तास बोटांवर दाखवायचा. एकच फेरी राहिली आणि त्याच सकाळी वरून हुकूम आला, तास वाढवले. तो विमानाच्या चाकाला टेकून खाली बसला, उठेचना.

"मग?" मी विचारतो.

"हात धरून उठवला. म्हटलं, थोडेच राहिले, साहेब. जा." तुम्ही सोलायचं थांबता. "विमान परत आलं नाही. हुकूम माझा नव्हता रे. पण उठवला मी." मग माझ्याकडे न बघताच रागावल्यासारखे बोलता, "दुसऱ्याचे दिवस आपल्या तोंडानं कधी वाढवू नकोस."

मी वाढवले, बाबा. एसी दुरुस्तीच्या कामावर मी सुपरवायझर आहे. माझ्या हाताखाली रत्नागिरीचा एक मेकॅनिक आहे, आम्ही एकाच खोलीत राहतो, तो मासे तळतो, मी भात लावतो. डिसेंबरात जनाबियाच्या एका व्हिलाच्या गच्चीवर तो लीव्हचा फॉर्म घेऊन आला.

"साहेब, माझी दोन वर्षं भरली. अम्मीला बरं नाही. सही करा."

"एक महिना थांब. काम अंगावर आहे."

"महिन्यानं नक्की ना?"

"नक्की."

"इंशाल्ला," म्हणत त्यानं फॉर्मची घडी करून खिशात ठेवली. काम काही अंगावर नव्हतं. एका वेळी एकालाच सोडतात. तो गेला असता तर माझी लीव्ह पुढे गेली असती, आणि युद्ध होणार असं सगळेच बोलत होते; मला त्याआधी इथून निसटायचं होतं. महिना भरायच्या आत युद्ध सुरू झालं आणि आम्ही दोघंही अडकलो. आज त्याच्या घरून ऑफिसात फोन आला, तो मी घेतला.

हे पत्र मी कुठे टाकणार? तुम्हाला आता पत्ता उरला नाही, आणि ज्यानं खरं तर वाचायचं तो पलीकडच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलाय. मी सांगितलं तेव्हा तो रडला नाही. म्हणाला, "साहेब, तेव्हा गेलो असतो तर भेटली असती ना?"

तुम्ही घरातले देव बाहेर काढलेत, मी जन्मात कुणापुढे हात जोडले नाहीत. आणि आज मी त्याला म्हणालो, "अल्लाची मर्जी."

त्यानं मान हलवली. त्याला पटलं, बाबा.