कॅमेरा दोन उत्तर देत नाही

३ मार्च
घरी 'अहो', स्टुडिओत 'दोन'! कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र टीव्हीवर जाणार ते ठरवणारी मिक्सरची खुर्ची मला मिळाली आणि हे राहिले दोन नंबरच्या कॅमेऱ्यावर. मी वर काचेआडून हेडफोनवर सांगते — "दोन, जवळ जा." खाली माइक चालू, कॅमेरामनला तोंड उघडायची सोय नाही. 'हो' म्हणायचं तर कॅमेऱ्याचीच मान वरखाली करायची. बाकीचे लगेच करतात. ह्यांची मान उशिरा हलते. कधी हलतच नाही. बायकोचं ऐकायचं जिवावर येतं, दुसरं काय!

५ मार्च
घरीही तेच. स्वयंपाकघरातून हाका मारून घसा बसला, हे पेपरात डोकं खुपसून. समोर जाऊन उभी राहिले तेव्हा कुठे — "काय म्हणालीस?" तापातून उठल्यापासून नुसते घुम्यासारखे. खुर्चीवर त्यांचाही डोळा होता, मान्य. पण म्हणून इतकं? रडू आलं मला.

८ मार्च
आज नाटक थेट गेलं आणि घोटाळा झाला! दोन नंबरच्या कॅमेऱ्यातली चित्रनळी जुनी. उजेडाच्या वस्तूवर जरा जास्त वेळ रोखला की तिचा ठसा नळीवर बसतो, कॅमेरा वळवला तरी जात नाही. एक नंबरचा कॅमेरा ऑन एअर होता, लांबलचक शॉट. तोवर दोन नंबर टेबलावरच्या दिव्यावर खिळलेला. ओरडले — "दोन, दिव्यावरून हला! हला ना!" ढिम्म. मग दोन नंबर नायिकेवर आला तर तिच्या कपाळावर दिव्याचा काळा ठसा. ऐन रडण्याच्या प्रसंगात! घरोघरी लोक हसले असतील.

निर्माते माझ्यावरच उखडले — "नवराबायकोची भांडणं घरी ठेवा." माझंही डोकं फिरलं. म्हटलं, "ते माझं ऐकत नाहीत. काढा त्यांना कॅमेऱ्यावरून."

१० मार्च
काढलं. उद्यापासून केबल ओढायच्या. हे न जेवताच झोपले. निदान भांडतील असं वाटलं होतं.

११ मार्च
एक नंबरच्या कॅमेऱ्यावरचा लंबू कॅंटीनमध्ये समोर येऊन बसला. "वहिनी, तापात त्याचे कान गेले. तुमची प्रत्येक सूचना मी त्याला बोटांनी दाखवायचो. त्या दिवशी मीच ऑन एअर. हात कुठून मोकळा करू?"

"मला का नाही सांगितलंत?"

"तोच नको म्हणाला. म्हणे, तिला कळलं, तर 'ह्याला काढा' हे तिलाच म्हणावं लागेल. तेवढं तिच्यावर यायला नको."