दुसरी काडी

अण्णा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि आज मी तुमचा एक नियम मोडला. तोही दोनदा. तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून इथे परदेशात, क्लेमेंटी भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लिहायला बसले आहे.

आज आम्ही तिघी इथली जुनी चिनी देवळं बघायला गेलो होतो. मी, वुडलँड्सला राहणारी एक पुण्याची मैत्रीण आणि आमची गाइड म्हणून माझ्या ऑफिसातली चिनी मैत्रीण. बेत तिचाच. माझा इथे काम करण्याचा पास रिन्यू व्हायचा आहे, तीन आठवडे उत्तर नाही, आणि नकार आला तर लेकीची शाळा अर्ध्यात सोडून आम्हाला गाशा गुंडाळावा लागेल. "सारखा फोन बघत बसू नकोस," म्हणाली आणि मला घराबाहेर काढलं. पहिलं देऊळ खलाशांचं. पूर्वी समुद्र अगदी पायरीशी होता म्हणे, आता समोर काचेची ऑफिसं. छपरावर ड्रॅगन, खांबांना ड्रॅगन, दारांवर रंगवलेले दाढीवाले रखवालदार. चिनी मैत्रीण अभिमानाने "व्हेरी, व्हेरी ओल्ड" म्हणाली, तशी पुणेकरीण माझ्या कानात पुटपुटली, "आमच्या पेठेतलं भांडण याहून जुनं आहे." आम्ही इतक्या हसलो की उदबत्ती लावणाऱ्या एका आजींनी डोळे वटारले.

तिसऱ्या देवळात बांबूचं एक नळकांडं होतं, आत आकडे घातलेल्या काड्या. गुडघे टेकायचे, मनात प्रश्न विचारायचा आणि एक काडी बाहेर पडेपर्यंत नळकांडं हलवायचं. मग त्या आकड्याचा कागद घ्यायचा, त्यावर उत्तर असतं. "पासचं विचार ना," पुणेकरीण म्हणाली. "कोण बघतंय इथे?"

तुम्ही बघत होतात. दहावीच्या गणिताच्या पेपरची आदली संध्याकाळ. माझ्या कंपासपेटीत देवळातली खडीसाखर सापडली आहे. आई भाकऱ्या थापते आहे, तुम्ही नुकतेच वर्कशॉपमधून आला आहात, हातांना अजून ग्रीसचा वास. ओरडत नाही. एवढंच म्हणता, "आपण बुद्धाकडेसुद्धा काही मागत नाही. मागायचंच असेल तर सरांकडे अजून एक गणित माग." आणि जेवण झाल्यावर तुमची स्वतःची स्टीलची पट्टी माझ्या पेटीत ठेवता. तिच्यावरचे आकडे आता पुसट झाले आहेत, पण ती इथे माझ्यासमोरच आहे. तुम्ही तसे कडक नव्हतातच. सहलीच्या फॉर्मवर सही मागितली की आधी ठाम नाही म्हणायचा, आणि दुसऱ्यांदा विचारलं की मुकाट चष्मा शोधायला लागायचा.

तर मी गुडघे टेकले. काडी पडली. चिनी मैत्रिणीने कागद वाचला आणि तोंड वाकडं केलं. इथल्या सवयीने शेवटी 'लाह' जोडत म्हणाली, "नॉट सो गुड लाह. रस्ता बंद, असं म्हणतोय." मला काय झालं कोण जाणे, मी काडी परत आत टाकली आणि पुन्हा हलवायला लागले. ती केवढ्याने ओरडली, "कॅनॉट लाह! वन क्वेश्चन, वन टाइम!" पण तोवर दुसरी काडी फरशीवर पडली होती. तो कागद वाचताना मात्र तिच्या भुवया वर गेल्या. उत्तम, सगळं उत्तम. घरी येऊन लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, दॅट्स चीटिंग लाह."

पास मिळाला तर तो माझ्या कामामुळे मिळेल, काडीमुळे नाही, एवढी तुमची लेक मी आहेच. तुमच्याकडे पोस्ट जात नाही, तेव्हा हे पत्र या पट्टीखालीच राहील. फक्त एक सांगायचं राहिलं. गुडघे टेकल्यावर मागायचं कुणाकडे तेच कळेना. त्या देवाचं नाव मला माहीत नव्हतं, आणि बुद्धाकडे मागायला तुमची बंदी. म्हणून डोळे मिटून तुमच्याकडेच मागितलं. पहिल्यांदा तुम्ही नाही म्हणालात. म्हणून तर मी पुन्हा विचारलं.