पदर नसलेलं लुगडं

नाहूर,
७ जानेवारी २०२५

ती. सगुणाताईस,
धाकट्या सुगंधाचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे खुशाल आहोत. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मग मी कट करते. पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील.

परवा सोसायटीच्या बायकांबरोबर आरेच्या रस्त्याने तलावाकाठचा तो जुना बंगला बघायला गेले. कुणा शेठचा होता, आता त्यात किनारपट्टीच्या लोकांचं संग्रहालय केलंय. काय झकास बंगला आहे! सागवानी जिने, रंगीत काचा, व्हरांड्यातून थेट पाणी दिसतं. एका दालनात वारल्यांची चित्रं, एकात आगऱ्यांची भांडी आणि शेवटी आपलं कोळ्यांचं. तिथे काचेमागे एक बाहुली उभी, आणि तिच्या अंगावर आपल्या आईचं लग्नातलं लुगडं!

मी सगळ्यांना ओरडून सांगितलं की हे माझ्या आईचं. शेजारच्या रश्मीने पाटी मोठ्याने वाचली. गोराईच्या कै. धाकूबाईंचं लुगडं, भेट सगुणा भिकाजी कोळी. मग तिने विचारलं की ही सगुणा कोण. माझं तोंड एवढंसं झालं.

आई गेली तेव्हा मी फक्त ते लुगडं मागितलं होतं. विरून गेलं म्हणालीस. जन्मभर आई तुझ्याजवळ राहिली, तिच्या हातचं कालवण तू जेवलीस, आणि एक लुगडं बहिणीला देववलं नाही तुला? जळते मी, हो, जळते. आणि नेसवलंय तरी कसं! पदर कमरेला आवळून पुढे झळकवायचा ही आपली रीत. तिथे पदर मागे कुठेतरी खोचून टाकलाय. तुला विचारलं असेल ना त्यांनी? एवढंही सांगता आलं नाही?

तुझ्या दिपालीला सातवा लागला ना? सुनेला जप. माझ्यावर लोभ आहे की नाही ते कळव.

तुझी,
सुगंधा


गोराई,
१५ जानेवारी २०२५

चि. सौ. सुगंधास,
सगुणाचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. एकदा रागाने, एकदा चष्मा लावून.

बाहुलीला लुगडं मीच नेसवलं. पदर खोचलेला नाही गं, त्याला पदरच नाही. टोक मागे घेतलं ते फाटकं दिसू नये म्हणून. पदर आईने फाडला, तुझ्या प्रांजलच्या बारशाला. त्याच्या गोधडीच्या आतल्या थरात घातला आणि वरून पांढरं फडकं लावून शिवलं. पोर नाहूरला एकटी पडलीय, तिच्या बाळाला माझी ऊब हवी, असं म्हणाली. तुला सांगायचं नाही म्हणून मला बजावलं. कळलं तर तू रडत बसशील.

माझा विकी चार वर्षं आधी झाला. त्याला बाबा होडीवर कमरेला नेसायचे त्या जुन्या रुमालात गुंडाळलं. मी काय, तिच्या दारातच होते ना! मासळीची पाटी घेऊन मी तिच्याबरोबर हिंडले, तिचं औषधपाणी मी केलं, आणि पदर गेला लिफ्टच्या बिल्डिंगीत.

तू परवापासून जळतेस, मी तीस वर्षं जळतेय. ते फाटकं टोक घरात बघवेना, आणि तुला द्यायचं तर पदर आधीच तुझ्याकडे. म्हणून बंगल्यातल्या लोकांनी विचारल्याबरोबर देऊन टाकलं. विरलं म्हणाले ते खोटं. चुकलं माझं, पण वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

विकीबरोबर सुके बोंबील पाठवते. तुझ्या सोसायटीला वास आला तर येऊ दे. आशीर्वाद आहेत, लोभाचं मग बघू.

सगुणा


नाहूर,
२१ जानेवारी २०२५

ती. सगुणाताईस,
सुगंधाचा सा. न. वि. वि.

प्रांजलला माळ्यावर चढवून ट्रंक काढली. गोधडी होती. ब्लेडने एक बाजू उसवली, तर आत आईचा हिरवा पदर, लाल काठ जसाच्या तसा. मी तिथेच फरशीवर बसून रडले. आईला माझी पक्की ओळख होती.

खरं सांगू? पहिल्यांदा मनात आलं की पदर काढून बंगल्यात न्यावा, पाटीवर माझं नाव लावून घ्यावं आणि रश्मीला पुन्हा दाखवायला न्यावं. मग विकीचा तो रुमाल आठवला. त्यात गुंडाळलेल्या विकीला बघून मी हसले होते, ताई.

शिवण परत घातलीय. टाके वाकडे आलेत. रविवारी प्रांजल बोटीने गोधडी घेऊन येईल, दिपालीच्या बाळासाठी. मात्र बाळ मोठं झालं की परत पाठव. आईचं माझ्याकडे तेवढंच आहे.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.

तुझी,
सुगंधा


गोराई,
२८ जानेवारी २०२५

चि. सौ. सुगंधास,
सगुणाचे अनेक आशीर्वाद.

गोधडी पोचली. दिपाली ती उन्हात घालायला निघाली होती. आईचा वास जाईल म्हणून मी तिच्या हातातून ओढून घेतली. नाकाला लावली तर नुसता तुझ्या डांबराच्या गोळ्यांचा वास. काय गं तू! तरी खाली ठेववेना. बाळ यायच्या आधी सासूबाईच पांघरून बसल्यात, असं दिपाली विकीला सांगत होती.

टाके खरंच वाकडे आहेत. असू देत, मी उसवले नाहीत.

बंगल्यावर फोन केला. ते फाटकं टोक पुढे घ्या म्हटलं, लोकांना दिसू दे. पाटीवर तुझं नावही घालायला सांगितलं, माझ्या नावाखाली. धाकटी आहेस, खालीच राहशील. नवी पाटी लागली की दोघी जाऊ. त्या रश्मीलाही आण, सगुणा कोण ते तिला कळू दे.

लोभ होता आणि आहे, तो काही मागावा लागत नाही. गोधडी मात्र परत मागू नकोस.

तुझी ताई,
सगुणा